समुद्रघोड्याची पिल्ले

आमच्या वर्गाच्या भिंतीवर सागरी प्राण्यांचा एक तक्ता टांगलेला आहे. त्यात देवमासा आहे, कासव आहे, आठ हातांचा अष्टपाद आहे. पण मधल्या सुट्टीत मुले जमतात ती कोपऱ्यातल्या एका लहानशा चित्राभोवती. त्या प्राण्याचे तोंड घोड्याचे, शेपटी माकडाची, पोटावर कांगारूसारखी पिशवी आणि अंगावर शिपायाचे चिलखत! त्याचे नाव समुद्रघोडा.

एके दिवशी सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, हा मासा आपल्या वारज्यात मिळेल का? आमच्या घरी काचेची पेटी आहे. मी त्याची पिल्ले वाढवीन."

उत्तर 'नाही' असे होते. पण नुसते 'नाही' म्हटल्याने कोणाचेच समाधान होत नाही. शिवाय मलाही लहानपणची एक बादली आठवली. म्हणून आधी त्या बादलीची गोष्ट सांगतो.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. १९९८ सालची दिवाळीची सुट्टी होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. रापण म्हणजे होडीतून समुद्रात सोडायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. मासळीच्या ढिगातून मामूंनी बोटभर लांबीचा एक जीव अलगद बाजूला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. तो समुद्रघोडा होता आणि जिवंत होता.

मी बादलीत समुद्राचे पाणी घेतले, त्यात त्याला ठेवले आणि बादली नानीच्या अंगणात आणली. पाण्यात एक काडी टाकली, तर त्याने शेपटीचा विळखा घालून ती धरली. त्याचे पोट चांगलेच फुगलेले होते. नानी म्हणाली, "मादी आहे रे, पोटुशी दिसते. हिला त्रास देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो काय, बादलीत धुरळा उठल्यासारखे दिसत होते! नीट पाहिले तेव्हा कळले की ती पिल्ले होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पण प्रत्येकाला घोड्याचे तोंड आणि आकडेदार शेपटी. ती मोजता येणे शक्यच नव्हते. मी आनंदाने नाचलो. सगळ्या आळीतली मुले पाहायला आली. मी पिल्लांना भाताची शिते टाकली, पावाचा चुरा टाकला. एकाही पिल्लाने तोंड लावले नाही. दुपारी अंगणात ऊन आले. संध्याकाळी पाणी गढूळ झाले, त्याला वास येऊ लागला आणि मोठा समुद्रघोडा तळाशी आडवा पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात हालचाल करणारे काहीच उरले नव्हते.

नानीने बादली समुद्रात रिकामी केली. ती पिल्ले का मेली, हे मला तेव्हा कोणीच सांगू शकले नाही. ते मला फार पुढे, पुस्तके वाचताना कळले. तेच आता तुम्हांला सांगतो.

त्याआधी नावाचा एक घोटाळा दूर करू. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, म्हणून हा घोटाळा तुमच्याच बाबतीत होण्याचा संभव जास्त. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र; समुद्रावर फिरणाऱ्या खलाशाला मराठीत दर्यावर्दी म्हणतात. उर्दूतला 'दरियाई घोडा' म्हणजे नदीत डुंबणारा तो अवाढव्य प्राणी, मराठीत ज्याला पाणघोडा म्हणतात. आपला समुद्रघोडा तो नव्हे. उर्दूत त्याला 'समंदरी घोडा' म्हणतात. एका मुलाने निबंधात 'समुद्रघोड्याचे वजन दीड हजार किलो असते' असे लिहिले होते. त्याची चूक विज्ञानाची नव्हती, भाषेची होती!

समुद्रघोडा हा मासा आहे. दिसतो तसा नसला तरी त्याला माशासारखे कल्ले आहेत, पर आहेत आणि पाठीचा कणाही आहे. खवले मात्र नाहीत. त्यांच्या जागी कातडीखाली हाडांच्या चकत्यांचे चिलखत असते. जगात समुद्रघोड्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. आपल्या किनाऱ्यालगतही काही जाती सापडतात. समुद्रगवत, खारफुटीची मुळे, प्रवाळ अशा ठिकाणी तो शेपटीने आधार धरून उभा राहतो. त्याला फारसे पोहता येत नाही. पाठीवरचा एक छोटा पर तो सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलवतो आणि तेवढ्यावर हळूहळू पुढे सरकतो. म्हणून शिकारीचा पाठलाग करणे त्याला जमत नाही. तो एका जागी दबा धरून बसतो. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरू शकतात. भक्ष्य तोंडापाशी आले की मान झटकन वर करतो आणि नळीसारख्या तोंडाने ते आत ओढतो. आपण नळीने सरबत ओढतो, तसेच. फक्त डोळ्याचे पाते लवण्याच्या आत.

आता नानीची चूक. ते पोट मादीचे नव्हते, नराचे होते!

समुद्रघोड्यांमध्ये पिल्लांना पोटाशी वाढवण्याचे काम बाप करतो. नर आणि मादी पहाटेच्या वेळी एकमेकांजवळ येतात, शेपट्या गुंफतात, रंग बदलतात, जोडीने वरखाली तरंगतात. नंतर मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि निघून जाते. पिशवीचे तोंड बंद होते. आत अंडी पिशवीच्या भिंतीत रुतून बसतात. तेथे त्यांना प्राणवायू मिळतो, काही पोषणही मिळते. पिशवीतले पाणी सुरुवातीला समुद्राच्या पाण्याइतके खारट नसते. जन्माची वेळ जवळ येते तसतसा त्याचा खारटपणा वाढत जातो. त्यामुळे बाहेर पडताना पिल्लांना खाऱ्या पाण्याचा धक्का बसत नाही. ही तयारी बापाचे शरीर आपोआप करते. मला तर या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

दोन ते चार आठवड्यांनी, पाणी किती उबदार आहे त्यानुसार, पिल्ले तयार होतात. तेव्हा नर एखाद्या आधाराला शेपटी गुंडाळतो, अंग पुढे-मागे वाकवतो आणि पिशवीतून पिल्लांचे फवारे सोडतो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे घडते. आपल्याकडच्या कुडा नावाच्या जातीत एका वेळी काहीशे पिल्ले होतात. पिल्लू सात-आठ मिलिमीटरचे असते, पण सर्व अवयवांनी पूर्ण असते.

आणि येथेच बापाचे काम संपते. चिमणी पिलांना भरवते, मांजर दूध पाजते, कोंबडी पिलांना पंखाखाली घेते. समुद्रघोडा यातले काहीच करत नाही. जन्मल्या क्षणापासून पिल्लाने स्वतःचे अन्न स्वतः मिळवायचे असते. समुद्रात लाटा त्यांना दूर वाहून नेतात, इतर मासे आणि खेकडे त्यांना खातात. शेकडो पिल्लांतले एखाददुसरेच मोठे होते. बाप मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा नवी अंडी पिशवीत घेण्यास तयार असतो.

मग माझ्या बादलीत शत्रू कोणीच नव्हता, तरी सगळी पिल्ले का मेली? मुख्य कारण होते भूक. भाताची शिते पडली होती, पण ती त्यांच्या दृष्टीने अन्नच नव्हते. समुद्रघोड्याचे पिल्लू हलणारी वस्तूच भक्ष्य म्हणून ओळखते. निपचित पडलेले शीत त्याला दगडासारखे. शिवाय त्याला दात नसतात, त्यामुळे चावून तुकडा तोडता येत नाही. भक्ष्य तोंडाच्या नळीतून अख्खे आत जाईल इतके लहान हवे. म्हणजे जिवंत हवे, हलते हवे आणि जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे हवे.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. समुद्रघोड्याला जठर नसते. आपण सकाळी न्याहारी केली तर अन्न काही तास जठरात राहते. समुद्रघोड्याच्या शरीरात अन्न साठवायला तशी जागाच नाही. खाल्लेले लवकर पुढे सरकते. म्हणून त्याला सतत खावे लागते, आणि पिल्लाला तर दिवसभर. समजा तुमच्याजवळ ३०० पिल्ले आहेत आणि प्रत्येकाने दिवसात १०० जीव खाल्ले, तर एका दिवसाला ३०,००० जिवंत जीव लागले. उद्या पुन्हा तितकेच. परवा त्याहून अधिक, कारण पिल्ले वाढत आहेत. म्हणूनच समुद्रघोडे वाढवणारे शास्त्रज्ञ पिल्ले जन्मण्याची वाट पाहत बसत नाहीत. त्याआधीच ते पिल्लांच्या अन्नाची शेती सुरू करतात.

ही शेती कशी असते? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्या खाऊन जगणारे बारीक कवचधारी जीवही तेथे असतात. अशा सर्व तरंगत्या जीवांना मिळून प्लवक म्हणतात. या कवचधारी जीवांपैकी कोपेपॉड हे समुद्रघोड्याच्या पिल्लाचे खरे अन्न. म्हणजे आधी हिरव्या पाण्याच्या बरण्या तयार करायच्या, त्यात कोपेपॉड वाढवायचे आणि मग ते पिल्लांना द्यायचे. एखादी बरणी बिघडली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे उपाशी राहतात.

कोपेपॉड वाढवणे कटकटीचे असते, म्हणून बहुतेक ठिकाणी आर्टेमिया नावाचा जीव वापरतात. हा फार खाऱ्या पाण्यात, मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत राहणारा झिंग्यासारखा लहान प्राणी आहे. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५० च्या दशकात झाली होती. त्याची अंडी कोरडी करून डब्यात भरून विकतात. दिसायला ती तपकिरी पुडीसारखी असतात. डब्यात ती कित्येक वर्षे झोपलेली राहतात. मिठाच्या पाण्यात टाकून हवा आणि उजेड दिला की साधारण २४ तासांत फुटतात आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, केशरी रंगाची पिल्ले बाहेर येतात.

सोपे वाटले ना? तसेच अनेकांना वाटले आणि त्यांची समुद्रघोड्याची पिल्ले पोटभर खाऊनही मेली. आर्टेमियाच्या पिल्लात समुद्रघोड्याला लागणारी काही स्निग्ध द्रव्ये फार थोडी असतात. आणि फुटल्यानंतर तासागणिक त्याच्या अंगचा साठाही संपत जातो. मग पोट भरते, पण पोषण होत नाही. यावर उपाय असा, की आर्टेमियाला आधी माशाच्या तेलाचे किंवा सूक्ष्म वनस्पतींचे खाणे द्यायचे आणि मग त्यालाच समुद्रघोड्याच्या पुढे सोडायचे. गंमत अशी, की नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाचे तोंड उघडलेलेच नसते. ते उघडेपर्यंत काही तास थांबावे लागते. म्हणजे पाहुण्याला जेवू घालण्याआधी त्याच्या ताटातल्या पदार्थाला जेवू घालायचे! अंड्यांची टरफलेही वेगळी काढावी लागतात, कारण ती पिल्लांना पचत नाहीत.

भुकेखालोखाल दुसरे संकट हवेचे. पाण्यातल्या पिल्लाला हवेचा त्रास कसा, असे तुम्ही विचाराल. कुडा जातीची पिल्ले पहिले काही दिवस कशाला धरून बसत नाहीत. ती पाण्यात वरच्या बाजूला तरंगतात. त्यांना उजेडाची ओढ असते, आर्टेमियालाही असते. वर दिवा असला की सगळे पृष्ठभागाशी गोळा होतात. तेथे भक्ष्य ओढताना पिल्लाच्या तोंडात हवेचा बुडबुडा जातो. तो आत अडकला की पिल्लू बुचासारखे वर तरंगत राहते, त्याला खाली जाता येत नाही आणि शेवटी ते मरते. म्हणून पिल्लांच्या पेटीच्या वरच्या भागाला बाहेरून काळा कागद लावतात आणि उजेड बाजूने किंवा खालून येऊ देतात. पिल्ले मग उजेडामागे खाली उतरतात. एका काळ्या कागदाने शेकडो जीव वाचतात. असे उपाय मला मोठमोठ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडतात.

पाण्याविषयी फार लांबण लावत नाही. माशाच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. माझ्या बादलीत शितांनी हेच केले. मोठ्या पेटीत उपयुक्त जिवाणू हा अमोनिया नाहीसा करतात, पण त्यांची वस्ती व्हायला काही आठवडे लागतात. पिल्लांच्या पेटीतली घाण रोज नळीने ओढून काढावी लागते आणि तितकेच ताजे खारे पाणी घालावे लागते. पाणी खवळू नये, पण साचूनही राहू नये. पेटी शक्यतो गोल असावी, म्हणजे पिल्ले कोपऱ्यात गर्दी करत नाहीत. दोनेक आठवड्यांनी ती आधार शोधू लागली की दोऱ्या, जाळी किंवा कृत्रिम गवत द्यावे लागते. नाही तर ती एकमेकांच्याच शेपट्या आणि तोंडे पकडून बसतात.

आता हे सारे वारज्यात करायचे ठरवले, असे क्षणभर समजू या. आपल्या नळाला खडकवासल्याचे गोडे पाणी येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण स्वयंपाकघरातले मीठ ३५ ग्रॅम टाकले की समुद्र तयार होत नाही. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी घटक असतात. ते सारे विकत आणावे लागतील. पुण्याच्या थंडीत रात्री पाणी गार पडते. त्याला सव्वीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवण्यासाठी तापक हवा. वीज गेली तर हवेचा पंप बंद. आणि दर दोन-तीन तासांनी खाणे घालायला घरात कोणीतरी हवे. तुमची अम्मी हे काम आनंदाने करील, असे मला वाटत नाही.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी समुद्रघोडे बंदिस्त पाण्यात वाढवून त्यांचा अभ्यास केला आहे. केरळात विझिंजम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रातही कुडा जातीची पिल्ले वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. समुद्राचे पाणी दाराशी, प्लवकांची शेती हाताशी आणि माणसे रात्रंदिवस राबणारी, तरीही पहिल्या दोन आठवड्यांत बरीच पिल्ले दगावतात. तेव्हा बादलीतल्या माझ्या पिल्लांचा निभाव लागणे शक्यच नव्हते.

इतकी खटपट शास्त्रज्ञ कशासाठी करतात? कारण समुद्रातले समुद्रघोडे कमी होत चालले आहेत. चीन आणि आजूबाजूच्या देशांत वाळवलेले समुद्रघोडे औषध म्हणून विकले जातात. शोभेच्या पेट्यांसाठीही ते पकडले जात. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या यांत्रिक जाळ्यांत तर ते नको असतानाही सापडतात, आणि ज्या समुद्रगवतात ते राहतात तेही त्या जाळ्यांनी उपटले जाते. कॅनडातील शास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी समुद्रात बुडी मारून समुद्रघोड्यांचे जीवन पाहिले आणि त्यांचा व्यापार किती मोठा आहे हे जगापुढे आणले. २००२ साली चिली देशातील सांतियागो येथे अनेक देश एकत्र बसले आणि समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचे ठरले. २००४ पासून ते लागू झाले.

भारताने त्याआधीच पाऊल उचलले होते. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम हा कायदा १९७२ सालचा आहे. २००१ साली समुद्रघोड्यांचा समावेश या कायद्याखालील संरक्षित प्राण्यांत झाला. वाघाला जसे कोणी मारू शकत नाही किंवा घरी पाळू शकत नाही, तसेच समुद्रघोड्याला पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वाळलेला समुद्रघोडा शोभेसाठी कपाटात ठेवणेही त्यातच येते. संशोधन संस्थांना यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागते. माझी बादली १९९८ सालची होती, म्हणून गुन्हा ठरली नाही. पण कायदा नव्हता म्हणून ती पिल्ले काही जगली नाहीत.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याचा चेहरा पडला. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मग सर, घरी काहीच करता येणार नाही?"

करता येईल. तुम्हीही करू शकाल. गप्पी मासे तुम्हांला ठाऊक आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महानगरपालिकेचे कर्मचारी ते पाण्याच्या हौदांत सोडतात. गप्पी मासा अंडी घालत नाही, तो जिवंत पिल्लांना जन्म देतो. येथे मात्र पोट मादीचे असते. साधारण चार आठवड्यांनी तिला पंधरा-वीस, कधी चाळीस-पन्नास पिल्ले होतात. पिल्लू समुद्रघोड्याच्या पिल्लाएवढेच, सहा-सात मिलिमीटरचे. तेही जन्मल्या क्षणापासून स्वतः पोहते, स्वतः खाते. आणि त्याचा पहिला शत्रू त्याची आईच असते! ती भुकेली असली तर आपल्या पिल्लांना गिळते. माझ्या पहिल्या पेटीत रात्री अठरा पिल्ले मोजली होती, सकाळी चार उरली. तेव्हापासून मी पेटीत पाणवनस्पती दाट ठेवतो. पिल्ले तिच्यात लपतात. पोट फुगलेल्या मादीला वेगळ्या बरणीत ठेवायचे आणि पिल्ले झाली की तिला लगेच परत न्यायचे, हाही एक उपाय आहे.

गप्पीसाठी नळाचे पाणी चालते, मात्र एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून त्यातला क्लोरीन उडून जाऊ द्यावा. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मोहरीच्या दाण्याएवढा, पाण्यात कालवून देता येतो. जास्त दिला तर पाणी नासते. माझी शिते आठवा.

आणि आर्टेमियाचा प्रयोग तर जरूर करा. त्याची अंडी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मिळतात. यासाठी मात्र साधे मीठ पुरते. सरबताच्या रिकाम्या बाटलीत एक लिटर पाणी घ्या, त्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ विरघळवा, चिमूटभर अंडी टाका. हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडा आणि बाटली दिव्याजवळ ठेवा. दिव्याची तार आणि बटण यांना ओला हात लावू नका. पंप जोडण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसाला करू द्या. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून दहा मिनिटे थांबा. टरफले वर तरंगतील. मग बाटलीच्या खालच्या बाजूला बॅटरीचा उजेड धरा. केशरी ठिपके उजेडाकडे जमतील. ते नळीने ओढून दाट विणीच्या कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि गप्पीच्या पिल्लांना द्या. बलकाकडे ढुंकूनही न पाहणारी पिल्ले या ठिपक्यांवर कशी तुटून पडतात, ते पाहण्यासारखे असते.

एक मात्र ध्यानात ठेवा. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे. पिल्ले फार झाली म्हणून ती मुठा नदीत किंवा ओढ्यात सोडू नका. तेथल्या मूळच्या माशांचे अन्न आणि अंडी ती खातात. मित्रांना वाटा. आमच्या वर्गातून आतापर्यंत अकरा बरण्या घरोघर गेल्या आहेत.

मामू आता साठीला आले आहेत, पण रापणीला अजून जातात. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाले, "तुझा घोडा परवा पुन्हा जाळ्यात आला होता. लगेच पाण्यात सोडला."

"पोटाची पिशवी फुगलेली होती का?" मी विचारले.

"घाईत होतो," मामू म्हणाले, "पाहिले नाही. पण हातातून सुटल्यावर सरळ गवताकडे गेला."